चौथ्या प्रश्नाचं उत्तर

आजीच्या जस्ती पेटीत एका डबीत गुंजा असायच्या. लाल, टोकाशी काळा ठिपका असलेल्या. खेळायला मागितल्या तर द्यायची नाही. "विषारी असतात, तोंडात घालशील," हे एक कारण, आणि दुसरं, "त्या औषधाच्या आहेत." विषारी बी औषधाची कशी, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं. मग एकदा आजोबांनी माळ्यावरून तागडी काढून दाखवली. करवंटीच्या दोन चकत्या, सुताचे दोर, मधे बांबूची काडी. कोल्हापूरच्या वैद्यबुवांच्या पत्रात मात्रा गुंजांत लिहिलेली असे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि तोळ्याला चांदीचा रुपया. वजनं विकत आणायची गरजच नव्हती. कुंपणावरच्या वेलीला लागत होती.

आजोबा राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी शाळामास्तर. गावचं पोस्टही त्यांच्याकडेच. पडवीत एक टेबल, शिक्के, शाईची गादी, लाखेची कांडी. पत्र लिहून देणारे तेच, शिक्का मारणारे तेच आणि आलेलं पत्र वाचून दाखवणारेही तेच. पंचक्रोशीत डॉक्टर नव्हता. राजापूरला जायचं तर बैलगाडीनं अर्धा दिवस. मुंबईच्या आगबोटी पावसाळ्यात बंद. घाटावरून डाक मात्र भर पावसात यायची, उशिरा का होईना. म्हणून आमच्या गावचा वैद्य टपालात राहत होता, असं आजोबा म्हणत.

त्याआधी काय होतं? पेशवाईतल्या पत्रांतही शरीरप्रकृतीचा मजकूर असायचा, पण ती पत्रं नेणारे जासूद आणि सांडणीस्वार दरबाराचे, सरदारांचे. कुळवाड्याच्या पोटदुखीसाठी कुणी उंट पळवत नव्हतं. थोरले माधवराव पेशवे क्षयानं थेऊरला गेले ते १८ नोव्हेंबर १७७२ला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. उशाशी वैद्य असूनही. त्यानंतर शंभर वर्षांनी गरिबाच्या हातात पोस्टकार्ड आलं. १ जुलै १८७९पासून, एका पैशाला. टपालानं वस्तू मागवून दारात पैसे द्यायची व्ही.पी. त्याच्या दोन वर्षं आधीची, १८७७ची. म्हणजे आधी औषध घरपोच आणायची सोय झाली आणि मग स्वस्तात दुखणं कळवायची. १९२२ साली कार्ड दोन पैशांचं झालं तेव्हा एक म्हातारी पडवीत येऊन, "मास्तर, आता दुखणं म्हाग झालं," असं म्हणाली होती. आजोबांना ते वाक्य शेवटपर्यंत आठवत होतं.

पण कार्डावर माणूस मावतो का? वैद्यकात रोग्याच्या आठ ठिकाणांची परीक्षा सांगितली आहे. नाडी, मूत्र, मल, जीभ, शब्द, स्पर्श, डोळे आणि आकृती. ही आठ नावं आजोबांनी हजेरीपटाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मोडीत लिहून ठेवली होती. रोगी समोर बसला की एकेक विचारत जायचं. जीभ काढ. पांढरी की काटेरी? शौचास बांधून होते की पातळ? भूक कधी लागते? दुखणं जेवणाआधी वाढतं की नंतर? नाडीपाशी लेखणी थांबे. नाडी कार्डावर उतरत नव्हती. मग आजोबा एक ओळ घालत, "नाडीची परीक्षा आम्हांस येत नाही, क्षमा असावी." ही ओळ त्यांच्या प्रत्येक पत्रात असायची. मला त्यांच्याविषयी सर्वांत जास्त आदर त्या एका ओळीमुळे वाटतो. येत असल्यासारखं दोन शब्द लिहून टाकणं किती सोपं होतं!

असं विचारून विचारून गावाला सवय लागली. माणसं येतानाच दोन-चार दिवसांचं आठवून येऊ लागली. आपलं शरीर शब्दांत सांगायचं असतं, हेच आधी कुणाला ठाऊक नव्हतं. "अंगात बरं नाही" यापलीकडे कुणी जात नसे. नंतर शेतावरचा गडीही सांगू लागला, "डाव्या बरगडीखाली, तिन्हीसांजेला, टोचल्यासारखं."

एक गोष्ट आजोबांनी मला मी मोठा झाल्यावर सांगितली. वरच्या वाडीतले एक म्हातारे महिनोन्महिने खंगत चालले होते. वैद्यबुवांनी तैलबिंदू परीक्षा करून कळवा म्हणून लिहिलं. पहाटेची लघवी भांड्यात धरायची आणि गवताच्या काडीनं तिळाच्या तेलाचा थेंब हलकेच वर सोडायचा. पसरला तर रोग साध्य. आहे तिथेच राहिला तर कष्टसाध्य. बुडाला तर असाध्य. आजोबांनी अंगणात उकिडवं बसून थेंब सोडला. तो बुडाला. म्हाताऱ्यांनी विचारलं, "काय झालं मास्तर?" आजोबा म्हणाले, "लिहून कळवतो." जे दिसलं ते त्यांनी तसंच लिहिलं. आठवड्यानं उत्तर आलं. औषधाच्या पुड्या होत्या आणि खाली लिहिलं होतं की यांना पथ्य नको, जे खावंसं वाटेल ते द्यावं. आजोबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हातारे खूश झाले. "बघा, पथ्यसुद्धा नाही म्हणाले! म्हणजे दुखणं साधंच." त्यांनी तिसळ्यांचं कालवण करायला सांगितलं. आजोबा घरी येऊन दोन दिवस धड जेवले नाहीत. तेलाच्या थेंबावरून मरण ठरतं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्या दोघांनी, एकानं कोल्हापुरात आणि एकानं आमच्या पडवीत, एका शब्दाची बोलणी न करता त्या म्हाताऱ्यांचे शेवटचे दिवस गोड केले.

बायकांच्या दुखण्याची वाट मात्र फार लांबची. बाई सासूला सांगणार, सासू आजीला, आजी रात्री दिवा मालवल्यावर आजोबांना. आणि कार्ड उघडं. वाटेत वाचणारे डोळे किती! म्हणून प्रत्येक तोंडागणिक शब्द झाकले जात. धुपणी असेल तर 'अशक्तता' व्हायची, मूल राहत नसेल तर 'उष्णता'. वैद्यबुवा अशक्ततेवर औषध देत आणि बाई तशीच झिजत राही. याचा मला आजही राग येतो, आणि तो कुणा एकावर काढताही येत नाही.

त्याच काळात मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत होते, १९२७पासून १९५३ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत. कर्वे वैद्य नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. पण घरच्या वैद्यालाही जे सांगता येत नाही ते लोक त्यांना पत्रानं विचारायचे आणि ते छापून, सरळ शब्दांत उत्तर द्यायचे. त्या उत्तरांवरच अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरी दंड झालाच. तो अंक आमच्या गावी कधी पोचला नसणार. पण विचारायची तहान तिथेही तीच होती.

आजी पोथी वाचता वाचता अक्षरं शिकली होती. वाचायची, पण लिहायची नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं अंगावरचं जाणं थांबेना. आजोबांनी दोनदा पत्रं घातली. दोन्हीत 'कुटुंबास अशक्तता' असंच. तिसऱ्या वेळी त्यांनी पाट, दौत, टाक आणि एक पाकीट तिच्यापुढे ठेवलं आणि ते विहिरीवर निघून गेले. ती दुपारभर लिहीत बसली होती. पाकीट तिनंच चिकटवलं. आजोबांनी फक्त शिक्का मारला.

ते पत्र कोल्हापूरला गेलं ते गेलंच. आमच्याकडे आहे ते उत्तर. आजीच्या पश्चात पेटी उघडली तेव्हा गुंजांच्या डबीखाली सापडलं. वर तिचंच नाव आहे, आजोबांचं नाही. "चि. सौ. मुलीस अनेक आशीर्वाद." पुढे आकडे घालून उत्तरं दिलेली आहेत, तिनं प्रश्न तसेच आकडे घालून विचारले असणार. पहिल्यात पुष्यानुग चूर्ण, मधातून, वर तांदळाचं धुवण. दुसऱ्यात आंबट आणि तिखट बंद, ओझं उचलायचं नाही. तिसऱ्यात किती दिवसांनी उतार पडेल ते.

चौथ्यात औषध नाही, पथ्य नाही. एवढंच लिहिलं आहे की, यात तुझा काहीही दोष नाही, हे मी तुझ्या यजमानांसही वेगळे लिहीत आहे.

ते वेगळं पत्र पेटीत नाही.