हंड्या-झुंबरांची पारख

जुना वाडा पाडावयास निघाला म्हणजे भांडीकुंडी वाटली जातात, खांब-तुळया लाकडाच्या भावाने जातात, आणि दिवाणखान्यात लोंबणारी काचेची हंडी पाहून कोणी तरी म्हणतो, "ही पेशवाईतली, अस्सल बेल्जियमची!" एवढ्या एका वाक्याने तिची किंमत दसपट होते. दुसऱ्या कोणी "नक्कल आहे" म्हटले, की तीच हंडी भंगारात पडते. दोन्ही वेळा हंडीकडे मात्र कोणी नीट पाहिलेले नसते.

आपण ते वाक्यच आधी तपासू. पेशवाई १८१८ साली संपली. बेल्जियमचे राज्य १८३० साली उदयास आले. त्या प्रदेशात तत्पूर्वी काच होत नव्हती असे नव्हे. परंतु 'बेल्जियमचा माल' म्हणून ती पेशव्यांच्या दिवाणखान्यात यावी, हे संभवत नाही. खरे असे, की आपल्याकडे बेल्जियम हे देशाचे नाव न राहता चांगल्या काचेचे विशेषण होऊन बसले आहे. हिंदुस्थानात काचसामान बोहेमियातून येई, तसेच इंग्लंडातूनही येई. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर पेढीने तर १८४० नंतरच्या दशकात कलकत्त्यास आपले दालनच उघडले होते. राजवाड्यांचे दरबार, सरदारांचे वाडे, गोव्यातील मंगेशी-शांतादुर्गेसारख्या देवळांचे सभामंडप यांतून झुंबरे झळकू लागली, ती या व्यापारामुळे.

मग पारख करावी कशी? काच कोणत्या प्रतीची, दिवा कोणत्या काळचा आणि किंमत किती, हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत. त्यांची गल्लत झाली की फसगत ठरलेली.

प्रथम काच. १६७४ साली इंग्लंडात रेव्हन्सक्रॉफ्टने शिसे घातलेल्या काचेचा परवाना मिळविला. ही काच वजनदार असते, तिला पैलू छान पडतात व हळूच टिचकी मारल्यास तिचा नाद लांबतो. पण अशी काच आजही होते. म्हणून नादावरून प्रत कळते, वय कळत नाही. हंडीच्या बुडाशी खरखरीत वण असेल, तर तो कारागिराने सळई तोडल्याचा होय. त्यावरून हातकाम सिद्ध होते. मात्र हाताने फुंकलेल्या नव्या हंडीलाही तो असू शकतो.

वय सांगते ती दिव्याची रचना. पूर्वी हंडीत पेला ठेवून पाण्यावर तेल व तेलावर वात तरंगती ठेवीत, किंवा मेणबत्ती लावीत. अशा झुंबराच्या काचेच्या फांद्या बहुधा भरीव असतात. विजेची तार पुढे बाहेरून गुंडाळलेली दिसते. फांदी मुळातच पोकळ असेल, तर ते झुंबर गॅससाठी किंवा विजेसाठी घडले असण्याचा संभव अधिक. पितळेची कडीही बोलकी असते. नेहमी हात लागतो तेथे ती उजळ व खाचेत काळी हवी. सर्वत्र सारखीच काळी असेल, तर रसायनाची शंका घ्यावी. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला, तर तो १९३० नंतरचा. मात्र तो दुरुस्तीतलाही असू शकेल. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये, चार खुणा एकमेकींस दुजोरा देतात काय ते पाहावे.

आता किंमत. जुने ते सारेच महाग नव्हे. कड शाबूत आहे काय, जोडी आहे की एकटी, लोलक मूळचे आहेत की बदललेले, यांवर मोल ठरते. चार लोलक बदलले हा दोष नव्हे. ते लपविणे हा दोष. दुकानदार मागतो तो भाव नव्हे. तशाच वस्तूला प्रत्यक्षात जे मिळाले तो भाव. आणखी एक गोष्ट. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते व खाजगी व्यक्तीस ती परदेशी धाडता येत नाही. तेव्हा वस्तू 'दीडशे वर्षांची' म्हणून विकणारा व 'खुशाल परदेशी न्या' म्हणणारा एकच असेल, तर त्याची दोन्ही वाक्ये एकदम खरी असू शकत नाहीत.

शेवटी एक सांगावेसे वाटते. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावास काचकारखाना निघाला. पुढे ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाने घरोघर उजेड केला. हीही आपल्या काचेचीच कथा आहे. एखादी हंडी बेल्जियमची न निघाली, म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. तिच्या उजेडात आपल्या घरातल्या चार पिढ्या वावरल्या असतील, तर ते मोल बाजारात ठरणारे नव्हे. ते जपावयाचे, तर वाडा उतरविण्यापूर्वी एकदा शिडी लावून त्या हंडीकडे आपण स्वतः डोळे उघडून पाहिले पाहिजे.