मराठवाड्यांतील पक्षी व त्यांचे बिनपगारी टिपणकार

एखाद्या माळावर कोणता पक्षी कोणत्या सालीं नांदत होता, हाही इतिहासच होय. परंतु त्याच्या बखरी लिहावयास दरबारांनीं कारकून क्वचितच नेमले; ज्यांनीं लिहिलें त्यांनीं बहुधा पदरमोड करून लिहिलें.

१५ सप्टेंबर १८८३ रोजीं मुंबईंत आठ हौशी गृहस्थांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन असे दोघे आपले होते. पेशानें दोघेही वैद्य. १८८६ पासून सोसायटीचें नियतकालिक निघूं लागलें, आणि जंगलखात्यांतले व पलटणींतले अंमलदार, वकील, मळेवाले आपापलीं टिपणें तिकडे धाडूं लागले. मात्र निजामाचा मुलूख पक्षिशास्त्राच्या नकाशावर बराचसा कोराच राहिला.

तो भरण्याचा योग एका बेकार माणसामुळें आला. बर्लिनहून १९३० सालीं परतलेल्या सालिम अलींस मुंबईंत नोकरी उरली नव्हती. प्रवासाचा व छावणीचा खर्च मिळाला तर वेतन नको, या बोलीवर त्यांनीं १९३१-३२ च्या हंगामांत हैदराबाद संस्थानाची पक्षिपाहणी केली. नांदेड तेव्हां त्या संस्थानाचा एक जिल्हा होता व लातूर हें उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांव. छावणीचा संसार पत्नी तेहमिना यांनीं सांभाळला. नमुन्यांवर इंग्लंडांतून ह्यू व्हिसलर यांनीं टीपा लिहिल्या. आणि १९३३-३४ मध्यें सर्व वृत्तांत सोसायटीच्या नियतकालिकांत क्रमशः छापला गेला. आजच्या वाचकास त्यांतील बंदूक खटकेल. पण प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर तारीख व ठिकाण असे, म्हणूनच नव्वद वर्षांनंतरही तो बोलतो.

तथापि एका हंगामाचें तें चित्र होतें. १९३३ सालीं सालिम अली त्रावणकोर-कोचीनकडे वळले. विनावेतन काम थोर खरें. परंतु जें एकाच माणसाच्या सवडीवर टांगलेलें असतें, तें तो उठून गेला कीं थांबतें. माळढोक हा दख्खनच्या उघड्या माळांचा पक्षी. शेजारच्या सोलापुरांत नान्नज येथें १९७९ सालीं त्याच्यासाठीं अभयारण्य झालें, तरी तेथेंही तो दुर्मिळ झाला. तो कोणत्या माळावरून केव्हां उठला हें सांगावयास लागोपाठच्या वर्षांच्या वह्या हव्यात; एका हंगामाची वही, ती कितीही चोख असली तरी, तें सांगूं शकत नाहीं.

पुढें सरकारनेंही हें काम अंगावर घेतलें. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक स्थानिक संस्थेंत समिती व लोकजैवविविधता नोंदवही सांगितली. महाराष्ट्राचें मंडळ २०१२ सालीं नागपुरास आलें. पण वह्या सावकाश चालल्या. अखेर २०१९ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली व ती चुकविणाऱ्या राज्यास दरमहा १० लाख रुपये भरावयास लावण्याचें फर्मान काढलें. दंडाच्या धाकानें भरलेल्या वहीवर आमचा भरंवसा बेताचाच आहे.

हौशी लोकांनीं मात्र मधल्या काळांत एक नवी शिस्त कमावली. अमेरिकेंत २००२ सालीं सुरू झालेल्या ‘ईबर्ड’ या पक्षिनोंदींच्या संग्रहांत निरीक्षक आरंभाची वेळ, कालावधि, चाललेलें अंतर व दिसलेला प्रत्येक पक्षी लिहितो. विलक्षण नोंद आली तर दुसरा जाणता, तोही विनावेतन, ती तपासतो. सर्व दिसलेले पक्षी लिहिल्यामुळेंच न दिसलेल्यांचीही गणति होते. हीच त्यांतली मख्खी. भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयींचा २०२३ चा अहवाल सुमारें ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटि नोंदींवर उभा आहे. त्यांत ९४२ जातींचा विचार झाला.

तरी या कोटींची वांटणी समान नसते. हौशी मनुष्य जलाशयाकडे धांवतो, शहराजवळ फिरतो. विष्णुपुरीच्या पाण्याकडे किंवा किनवटच्या सागवानाकडे कोणी ना कोणी जाईल. औसा-अहमदपूरकडच्या उघड्या माळाकडे मुद्दाम कोण जाणार? नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचीं महाविद्यालयें नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांत आहेत. एकेका महाविद्यालयानें जवळचा एक माळ घ्यावा, त्याच वाटेनें दरमहा ठराविक वेळीं चंडोल मोजावे, आणि विद्यार्थी पदवी घेऊन गेला कीं वही पुढच्याच्या हातीं द्यावी. त्यास लागणारा खर्च एका दुर्बिणीचा आहे.