आंबलेली की मुरलेली? लाकडी पिंपातल्या बिअरचा निवाडा

१७ ऑक्टोबर १८१४, सोमवार. लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडलगतच्या हॉर्स शू ब्रुअरीत दुपारी साडेचारच्या सुमारास एका लाकडी पिंपाभोवतीचे लोखंडी कडे निसटले. पिंप २२ फूट उंच होते. कडे निसटणे तेथे नवलाचे नव्हते; वर्षातून दोन-तीनदा असे घडतच असे. कोठारावरील कारकुनाने दुरुस्तीसाठी चिठ्ठी लिहिली. तासाभरात पिंप फुटले.

बिअरचा लोंढा शेजारची पिंपे फोडत, ब्रुअरीची मागची भिंत पाडत सेंट जाइल्सच्या दाट वस्तीत शिरला. तेथे गरीब आयरिश कुटुंबे राहत. एका घरात दोन वर्षांच्या मुलाच्या पार्थिवाजवळ नातलग व शेजारणी बसल्या होत्या. तेथेच पाच जणांचा अंत झाला. एकूण मृत आठ, आणि ते सारे स्त्रिया व मुले. चौकशीत ‘अपघात’ असा निर्णय झाला. कंपनीला वाया गेलेल्या बिअरवरील कर सरकारकडून परत मिळाला. लोकांनी रस्त्यावरची बिअर भांड्यांत भरून ढोसली, ही कथा मात्र पुढच्या काळातील आहे. त्या दिवसांतील वृत्तपत्रांत तिला आधार सापडत नाही.

त्या पिंपातील बिअर दहा महिने जुनी होती. दहा महिने विक्रीयोग्य माल अडकवून का ठेवायचा? कारण जुनी बिअर अधिक मोलाची होती, आणि ती आंबट होती म्हणूनच मोलाची होती.

अठराव्या शतकातील लंडनमध्ये ताज्या बिअरला ‘माइल्ड’ म्हणत आणि जुन्या, मुरलेल्या बिअरला ‘स्टेल’. आज इंग्रजीत ‘स्टेल’ म्हणजे शिळे. त्या काळी तो प्रशंसेचा शब्द होता, आणि गिऱ्हाईक त्यासाठी जास्त पैसे मोजत असे. काही व्यापारी तर ताजी बिअर विकत घेऊन, ती साठवून, मुरल्यावर चढ्या दराने विकत. पुढे पोर्टर या काळसर बिअरचे मोठे उत्पादक हे काम स्वतःच करू लागले आणि पिंपांच्या आकारावरून त्यांच्यात चढाओढ लागली.

या चढाओढीत केवळ बडेजाव नव्हता. लाकूड किंचित श्वास घेते. पिंप लहान असेल तर आतील द्रवाच्या मानाने लाकडाचा पृष्ठभाग जास्त, म्हणून आत जाणारी हवाही जास्त. आणि हवा मिळाली की ॲसेटिक आम्ल तयार करणारे जिवाणू बिअरचे व्हिनेगर करून टाकतात. पिंप जितके मोठे, तितका हा धोका कमी. अवाढव्य पिंपातली बिअर संथपणे, व्हिनेगर न होता मुरते. सेंट जाइल्सच्या आठ जणांचा बळी घेणारे पिंप इतके मोठे असण्यामागे चवीचेही गणित होते.

मराठीत ताक आंबते आणि लोणचे मुरते. दोन्हींत काळ जातो, दोन्हींत रासायनिक बदल होतो. एक क्रियापद तक्रारीचे, दुसरे कौतुकाचे. पिंपातल्या आंबट बिअरचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे तिला यांपैकी कोणते क्रियापद लावायचे, याविषयीचा वाद होय.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याकडे लंडनच्या गिऱ्हाइकाची जीभ ताज्या, गोडसर बिअरकडे वळली. त्यानंतर सूक्ष्मदर्शक आले. १८७१ मध्ये लुई पाश्चर लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत गेला. तेथील पोर्टरचे यीस्ट त्याने भिंगाखाली पाहिले आणि त्यात नको असलेले जीव असल्याचे सांगितले. ब्रुअरीने लगोलग सूक्ष्मदर्शक विकत घेतले. १८७६ च्या आपल्या बिअरविषयक ग्रंथात पाश्चरने आंबणे, चिकट होणे, कडवटणे यांना बिअरचे ‘रोग’ म्हटले. शब्द महत्त्वाचा आहे. कालपर्यंत जो गुण होता, त्याचे आता निदान होऊ लागले.

१८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सनने यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवून दाखवला. बिअर आता दर खेपेस सारखीच निघू शकत होती. इंग्रज ब्रुअरांनीही असे शुद्ध यीस्ट वापरून पाहिले. पण दीर्घकाळ साठवायच्या त्यांच्या ‘स्टॉक’ बिअरला जुनी ओळखीची चव काही येईना.

उत्तर कार्ल्सबर्गमधूनच आले, ही इतिहासाची गंमत. नील्स येल्टे क्लाउसेन या तेथील संशोधकाने १९०४ मध्ये लंडनच्या ब्रुअरांपुढे निबंध वाचला. इंग्रजी स्टॉक बिअरची खास चव मुख्य यीस्टची नसून, नंतर सावकाश काम करणाऱ्या एका वेगळ्या यीस्टची आहे, हे त्याचे प्रतिपादन. त्या यीस्टला त्याने नाव दिले ‘ब्रेटॅनोमायसिस’, म्हणजे ब्रिटिश बुरशी. पहिल्या यीस्टने मागे ठेवलेल्या शर्करा ते महिनोन्‌महिने खात राहते. क्लाउसेनचा सल्ला होता की हा जीव योगायोगावर न सोडता मुद्दाम घालावा. परंतु तोवर उशीर झाला होता. गिऱ्हाईक गेले होते, पिंपे मोडीत निघत होती. विसाव्या शतकात बहुतेक ब्रुअर आणि वाइन बनवणारे या यीस्टला घुसखोरच समजत राहिले.

आता बेल्जियममधील रूसेलारे या गावी जायला हवे. येथील रोडेनबाख ब्रुअरीची सुरुवात १८२१ ची. त्या घराण्यातील भावंडांनी तेव्हा एक छोटी ब्रुअरी विकत घेतली. त्यांतील अलेक्झांडर लहानपणीच अंध झाला होता. पुढे तो स्वतंत्र बेल्जियमच्या पहिल्या राष्ट्रीय सभेचा सदस्य झाला आणि अंधांच्या शिक्षणासाठीही त्याने काम केले. पुढील पिढ्यांतील यूजेन रोडेनबाखने १८७८ मध्ये कारभार हाती घेतला. त्याने इंग्लंडमध्ये राहून पोर्टर मुरवण्याची विद्या शिकून आणली, असे ब्रुअरी सांगते. या कथेकडे थोडे सावधपणे पाहावे: जुनी बिअर राखून ती नव्यात मिसळण्याची रीत नेदरलँड्स-बेल्जियमच्या पट्ट्यात परकी नव्हती. मात्र लंडनने जे टाकून दिले ते रूसेलारेने राखले, याविषयी शंका नाही. ओक लाकडाची सुमारे तीनशे उभी पिंपे तेथे आजही ओळीने उभी आहेत. काहींचे वय दीडशे वर्षांच्या घरात आहे आणि ती सांभाळणारे कारागीर ब्रुअरीतच नोकरीला आहेत.

त्या दालनात बिअरची पारख कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. सर्व पिंपांत घातलेली बिअर सारखीच, पण दोन वर्षांनी दोन पिंपांची चव एक नसते. लाकडाचे वय, जागेचे तापमान, फटींत दडलेले जिवाणू यांनी प्रत्येक पिंपाचा स्वभाव ठरतो. म्हणून एकेका पिंपातून नमुना काढून चाखावा लागतो. कोणते तयार, कोणते थांबवायचे, कोणते कशात मिसळायचे, हा निर्णय जिभेचा. रोडेनबाखच्या नेहमीच्या बिअरमध्ये सुमारे तीन भाग ताजी आणि एक भाग जुनी असते. ‘ग्रँड क्रू’मध्ये प्रमाण उलटते, दोन तृतीयांश जुनी.

चाखणारा प्रथम वास घेतो, आणि तोही पेला फारसा न हलवता; कारण काही वास पहिल्या क्षणीच उडून जातात. नेलपॉलिश पुसण्याच्या द्रवासारखा भपकारा आला, तर समजावे की पिंपात हवा फार गेली आहे. तबेल्याचा, घोड्याच्या घोंगडीचा, ओल्या चामड्याचा वास म्हणजे ब्रेटॅनोमायसिसची सही. तो मंद असेल तर जाणकार सुखावतात. त्यानंतर घोट. येथे ‘किती आंबट’ याहून ‘कसे आंबट’ हा प्रश्न मोठा. लॅक्टिक आम्लाचा आंबटपणा दह्यासारखा, गोलाईचा, जिभेवर पसरणारा. ॲसेटिक आम्लाचा व्हिनेगरसारखा, टोकदार, घशाच्या मागे जाऊन टोचणारा. फ्लँडर्सच्या लाल बिअरमध्ये दुसऱ्याची किंचित धार चालते, किंबहुना हवी असते. तिचा वरचष्मा झाला की पिंप बाद. शेवटी लाकडाचा तुरटपणा, जांभळाने जीभ कोरडी पडते तसा. आंबट चाखता चाखता जीभ लवकर थकते. म्हणून सौम्य नमुना आधी, तीव्र नंतर, आणि मधे पाणी व साधा पाव.

एक विचित्र अवस्था मात्र नवख्याला हमखास फसवते. पेडिओकॉकस नावाच्या जिवाणूंमुळे मुरणारी बिअर मध्येच तार धरते, तेलासारखी चिकट होते. पाश्चरच्या हिशेबी ती रोगी. अनुभवी माणूस ती फेकत नाही. तो काही महिने थांबतो आणि ब्रेटॅनोमायसिस तो चिकटपणा खाऊन टाकते. पारख करणाऱ्याला आजची चव कळावी लागते आणि सहा महिन्यांनंतरचीही. हे ज्ञान ग्रंथांत फारसे नव्हते, माणसांच्या जिभांत होते. लंडनची पिंपे मोडली तेव्हा त्यांबरोबर अशा किती जिभा निरुपयोगी झाल्या, याची नोंद कोणी ठेवली नाही.

शब्द हळूहळू जमत गेले. १९७७ मध्ये ब्रिटिश लेखक मायकेल जॅक्सन (गायक नव्हे) याने जगभरच्या बिअरचे वर्गीकरण करणारा ग्रंथ लिहिला आणि बेल्जियन बिअर बाहेरच्या वाचकांसमोर आणल्या. मॉर्टन माइलगार्ड या डॅनिश संशोधकाने बिअरच्या वास-चवींचे चक्र मांडले. १२२ संज्ञांचे हे चक्र युरोप-अमेरिकेतील संस्थांनी १९७९ च्या सुमारास स्वीकारले. १९८५ पासून काम करणाऱ्या अमेरिकेतील बिअर-परीक्षकांच्या संस्थेने ५० गुणांची पत्रिका रूढ केली: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. तिच्या २०१५ च्या नियमावलीत फ्लँडर्सच्या लाल बिअरला स्वतःचे पान आहे. इतर बहुतेक प्रकारांत ज्या आंबटपणासाठी गुण कापले जातात, तो तिथे नसला तर गुण कापले जातात.

१९९६ मध्ये पीटर बूकार्ट हा रोडेनबाखमधील ब्रुअर अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात न्यू बेल्जियम ब्रुअरीत गेला. त्याने वाइनची जुनी पिंपे आणून बिअर मुरवली. तीतून निघालेल्या बिअरचे नाव ‘ला फोली’, फ्रेंचमध्ये ‘वेडेपणा’. पिंपे चाखून मिश्रण ठरवण्याचे काम पुढे तेथे लॉरेन सालझार हिने नावारूपाला आणले.

इंग्लंडमध्येही हा धागा पुरता तुटला नव्हता. सफोक परगण्यातील बरी सेंट एडमंड्स येथे ग्रीन किंग ब्रुअरीने विसाव्या शतकभर ओकच्या पिंपांत एक कडक बिअर दोन-दोन वर्षे मुरवली. धूळ व जंतू आत जाऊ नयेत म्हणून पिंपांच्या झाकणांवर तिथलीच चुनखडीयुक्त माती थापलेली असे. ती बिअर सहसा नुसती विकली जात नसे. ताज्या बिअरमध्ये मिसळूनच ती गिऱ्हाइकाच्या पेल्यात पोहोचे.