आवाज टिपण्याचे साधन आणि इतिहासाचे साधन : ध्वनिमुद्रण उपकरणांच्या निवडीचा एक ऐतिहासिक विचार (विशेष संदर्भ : कोल्हापूर परिसर)

प्रस्तावना

हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव हे बाजारपेठेचे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना सेनापती धनाजी जाधव यांच्या समाधीमुळे परिचित आहे. धनाजींचे निधन इ. स. १७०८ मध्ये झाले. त्यांच्या मोहिमांविषयी आपणास जे काही ज्ञात आहे ते पत्रे, सनदा, बखरी आणि परकीयांचे वृत्तांत यांतून. त्या काळाचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही आणि पोहोचणे शक्यही नव्हते. इतिहासकार ही मर्यादा मान्य करून पुढे जातो. विसाव्या शतकाचा अभ्यास करताना मात्र ही सबब पुढे करता येत नाही. वारणेपलीकडील वाळवे परिसरात आणि त्याही पलीकडे कुंडल भागात प्रतिसरकारच्या चळवळीत प्रत्यक्ष भाग घेतलेली माणसे एकविसाव्या शतकातही हयात होती. जी. डी. बापू लाड २०११ मध्ये गेले, नागनाथअण्णा नायकवडी २०१२ मध्ये, तर ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे रेल्वेगाडी अडविणाऱ्या तुफान सेनेतील कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड २०२२ मध्ये गेले. नामवंतांच्या मुलाखती झाल्या. त्यांना भाकरी पोहोचविणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, घरात लपविणाऱ्या माणसांपैकी किती जणांचा आवाज आपल्या महाविद्यालयांच्या संग्रहात आहे, हा प्रश्न प्रत्येक इतिहास विभागाने स्वतःस विचारावयास हवा.

मौखिक इतिहासाचे काम हाती घ्यावयाचे ठरले की पहिली अडचण तात्त्विक नसते. ती खरेदीची असते. अनुदान थोडे, विभागात एखादा जुना संगणक, आणि कोणते उपकरण घ्यावे याविषयी दुकानदाराशिवाय सल्ला देणारे कोणी नाही. माईक आणि संगणक यांच्या मध्ये बसणाऱ्या ज्या छोट्या पेटीस ‘ऑडिओ इंटरफेस’ म्हणतात, तिची निवड हा वरवर पाहता तांत्रिक प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याकडे इतिहासाच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्या भागात कोणते आवाज टिकले, कोणते गेले आणि त्यात साधनाचा वाटा किती होता, हे पाहिल्यास आजच्या खरेदीचे निकष आपोआप स्पष्ट होतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तबकडीचा काळ

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ मध्ये झाला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जान व इतर कलावंतांचे गायन मुद्रित केले. विजेचा उपयोग नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गावे, त्या कंपनांनी मेणावर रेषा कोराव्यात आणि ते मेण जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठवून तबकड्या तयार व्हाव्यात, अशी पद्धत होती. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना निघेपर्यंत भारतीय गायकाचा आवाज समुद्र ओलांडून येत असे. एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवावयाचा, हा निर्णय संगीताने घेतलेला नव्हता; तो यंत्राने घेतलेला होता.

या यंत्राला आपल्या भागातून दोन अगदी वेगळे प्रतिसाद मिळाले. मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांनी ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळातच तबकड्या दिल्या आणि पुढे आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १९३४ नंतर, ओडियन कंपनीसाठी पुन्हा गायिले. तोपर्यंत विजेवर चालणारे माईक आले होते. हळुवार आवाजाचे बारकावे कर्ण्यापेक्षा माईकला अधिक चांगले समजत, आणि खाँसाहेबांची गायकी तर बारकाव्यांचीच. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले, परंतु ते कसे गात हे आजच्या विद्यार्थ्याला ऐकता येते.

कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँ यांच्याविषयी असे म्हणता येत नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाने १८९५ पासून ते कोल्हापुरात होते. जयपूर-अत्रौली गायकीचा महाराष्ट्रातील सारा विस्तार त्यांच्यापासून झाला. ते १९४६ पर्यंत हयात होते, म्हणजे विजेवरील ध्वनिमुद्रणाची वीस वर्षे त्यांच्या हयातीतच गेली. तरीही त्यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण आपणास उपलब्ध नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला. ज्या गळ्यातून ती गायकी आली तो मात्र विरला. खाँसाहेबांनी आपला जीवनवृत्तान्त नातू अझीजुद्दीन खाँ यांस सांगितला आणि तो शब्दांत उतरला, म्हणून निदान त्यांच्या आठवणी आपल्या हाती आहेत. साधन अस्तित्वात असणे आणि ते बोलणाऱ्याला वा गाणाऱ्याला आपले वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मौखिक इतिहासाच्या कामात याचा पदोपदी प्रत्यय येतो.

कोल्हापूरचे यंत्रज्ञ

याच कोल्हापूरने यंत्राच्या बाबतीत दुसरी वाटही दाखविली आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंना चित्रपट काढावयाचा होता, परंतु परदेशी कॅमेरा मिळविणे आवाक्याबाहेरचे होते. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा तयार केला. १९२० चा ‘सैरंध्री’ हे महाराष्ट्र फिल्म कंपनीचे पहिले मोठे यश होय. पुढे १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. त्याच्या ध्वनिमुद्रणाची बाजू याच दामल्यांनी सांभाळली. आवाज नंतर भरण्याची सोय रुळलेली नव्हती. दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे यांना बोलणे व गाणे चित्रीकरणाच्या वेळीच करावे लागे. बोलपटाचे ध्वनिमुद्रण यंत्र आयात केलेले असे, पण ते आतून समजून घेतलेला माणूस जागेवर असल्याने काम अडले नाही. स्वस्त यंत्र कोणते, या प्रश्नाला बाबूरावांनी दिलेले उत्तर असे होते की, जे आपणास उघडता येते ते. आजचे इंटरफेस उघडून दुरुस्त करता येत नाहीत, हे खरे. तरीही त्या उत्तरातील मर्म बाद होत नाही. त्याकडे पुढे वळू.

फीत आणि तिचे आयुष्य

१९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि योगायोगाने त्याच वर्षी सांगली आकाशवाणी केंद्र सुरू झाले. ऐंशीच्या दशकात कॅसेट इतकी स्वस्त झाली की, पोवाडे, कीर्तने, भारुडे आणि निवडणुकीतील भाषणे घरोघरी साठू लागली. कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक घरांच्या माळ्यावर आजही त्या पडून आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी नदीकाठच्या गावांतील त्यांपैकी किती घेतल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी.

मराठी मौखिक साधनांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम मात्र पुण्यात झाले. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचे संकलन हाती घेतले. मुळशीच्या डोंगराळ भागापासून सुरू झालेले हे काम महाराष्ट्रभर पसरले आणि दोन दशकांत एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. नव्वदच्या दशकात संगणकतज्ज्ञ आणि संगीत अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात सामील झाले. सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले आणि ओवी, गायिका, गाव यांची सांगड घालणारा माहितीकोश तयार झाला. प्वातवँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये गेल्या. तरी २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर या ओव्या ऐकावयास मिळू लागल्या. घरोघरी पिठाच्या गिरणीचे दळण आल्यावर जाते थांबले, आणि जाते थांबल्यावर ओवी म्हणण्याचा प्रसंगच राहिला नाही. म्हणजे हे ध्वनिमुद्रण अगदी शेवटच्या घटकेला झाले.

हे ध्वनिमुद्रण डॅट या डिजिटल फितीवर झाले होते. सोनी कंपनीने १९८७ मध्ये आणलेले हे माध्यम त्या काळी गुणवत्तेत उत्तम मानले जाई. २००५ मध्ये सोनीने डॅट यंत्रांचे उत्पादन थांबविले. फीत शाबूत, पण ती वाजविणारे यंत्र दुर्मीळ, अशी स्थिती त्यानंतर जगभरच्या अनेक संग्रहांवर आली. ओव्या वाचल्या, कारण त्या वेळीच फितीतून संगणकावर उतरविल्या गेल्या आणि त्यांच्या नोंदी नीट होत्या. फितीच्या गुणवत्तेने त्या वाचल्या असत्या असे म्हणता येत नाही.

इंटरफेसची निवड

माईकमधून येणारा विद्युत्संदेश अत्यंत क्षीण असतो. त्याला बळ देणे, त्याचे अंकांत रूपांतर करणे आणि ते अंक यूएसबीच्या तारेतून संगणकाकडे पाठविणे, ही इंटरफेसची तीन कामे होत. संगणकाच्या अंगच्या ध्वनियंत्रणेतही हे घडते, पण तेथे पंखा, चार्जर आणि आतील इतर भागांचा उपद्रव शेजारीच असतो. त्यामुळे ध्वनिमुद्रणात घरघर येते.

या उपकरणांच्या जाहिरातींत नमुन्यांच्या आकड्यांचा मोठा गाजावाजा असतो. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने घालून दिलेला किमान निकष ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट असा आहे. जुन्या फिती उतरविताना ९६ किलोहर्ट्‌झ वापरावे अशी तिची शिफारस आहे. आज पाच ते वीस हजार रुपयांच्या दरम्यान मिळणारी बहुतेक उपकरणे हा निकष पूर्ण करतात. तेव्हा आकड्यांवरून निवड करण्यात अर्थ उरलेला नाही. २४ बिटचा खरा लाभ क्षेत्रकार्यात कळतो. ऐंशी वर्षांची आजी कुजबुजत बोलते आणि मध्येच हुंदका देते किंवा मोठ्याने हसते. अशा वेळी आवाजाची पातळी मुद्दाम खाली ठेवून भरपूर मोकळी जागा सोडता येते आणि नंतर ती वाढविली तरी खरखर होत नाही.

निवडीचा कस लागतो तो ड्रायव्हरपाशी. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या हाती फायरवायर जोडणीचे एक महागडे उपकरण आले होते. आवाज निर्मळ होता. विभागाचा संगणक बदलला तेव्हा नव्या संगणकाला ती जोडणीच नव्हती, आणि जुना संगणक दुरुस्त करून आणला तर नव्या प्रणालीसाठी कंपनीने ड्रायव्हर काढलेला नव्हता. उपकरणात कोणताही बिघाड नसताना ते कपाटात गेले. डॅटची कथा येथे लहान प्रमाणात पुन्हा घडली.

यावर उपाय उपलब्ध आहे. यूएसबी ध्वनिउपकरणांसाठी १९९८ मध्ये एक सामाईक मानक ठरले आणि २००६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. हे मानक पाळणाऱ्या उपकरणास कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर लागत नाही. मॅक आणि लिनक्स प्रणाली ते थेट ओळखतात आणि २०१७ पासून विंडोज १० मध्येही दुसऱ्या आवृत्तीचा आधार अंतर्भूत झाला. कंपनी उद्या बंद पडली तरी असे उपकरण चालू राहण्याची शक्यता मोठी. बाबूराव पेंटरांचे उत्तर आजच्या भाषेत मांडावयाचे तर ते असे मांडता येईल : पेटी उघडता येत नसेल, तर निदान तिची भाषा तरी सार्वजनिक असावी. दुकानात विचारावयाचा पहिला प्रश्न हाच असावा. नामांकित कंपनीचे नाव त्यानंतर.

दुसरी बाब विजेची. आपल्या भागात मुलाखत ठरते ती शेतावरच्या वस्तीवर किंवा देवळाच्या ओसरीत, आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. यूएसबीच्या तारेतूनच वीज घेणारे उपकरण लॅपटॉपच्या बॅटरीवर चालते. वेगळा अडॅप्टर लागत नाही. चार्जर काढून ठेवला की ५० हर्ट्‌झची गुणगुणही बहुधा जाते. मात्र कंडेन्सर माईकला लागणारी ४८ व्होल्टची वीज या पेटीतूनच मिळते की नाही, हे पाहून घ्यावे. हातमाग, यंत्रमाग किंवा रस्त्याचा गोंगाट असलेल्या ठिकाणी कंडेन्सरपेक्षा साधा डायनॅमिक माईक तोंडाजवळ धरणे श्रेयस्कर.

माईकच्या जोडण्या दोन असाव्यात. चार किंवा आठ नकोत. एक निवेदकासाठी, एक प्रश्नकर्त्यासाठी. जात्यावर दोघी बसल्या तर दोघींसाठी. उरलेला पैसा चांगल्या माईकवर, कान झाकणाऱ्या हेडफोनवर आणि दोन हार्डडिस्कवर खर्च करावा. महाग पेटी आणि टाकाऊ माईक ही जोडी विभागांमध्ये सर्रास आढळते, आणि ती उधळपट्टी आहे.

जेथे चालत जावयाचे आहे, तेथे लॅपटॉप आणि पेटी नेण्यापेक्षा हातात मावणारा रेकॉर्डर बरा; त्यातील काही यूएसबीने जोडल्यावर इंटरफेस म्हणूनही चालतात. मोबाईलविषयी प्रस्तुत लेखकाचे मत फारसे अनुकूल नाही, कारण तो आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो आणि फाइल दाबून लहान करतो. परंतु निवेदक आज बोलावयास तयार आहे आणि उपकरण पुढील महिन्यात यावयाचे आहे, अशी वेळ आली तर मोबाईल काढावा आणि बोलते करावे.

साठवणीचा हिशेब फारसा जड नाही. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटच्या एकेरी ध्वनिमुद्रणास तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट लागतात, दुहेरीस एक गिगाबाइटहून किंचित अधिक. ओव्यांइतका १२० तासांचा संग्रह दुहेरी केला तरी सव्वाशे गिगाबाइटमध्ये मावतो. फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपातच ठेवावी. एक प्रत महाविद्यालयात, दुसरी पुराचे पाणी न पोहोचणाऱ्या दुसऱ्या गावी. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या मिनिटात निवेदकाने स्वतःच्या तोंडून नाव, गाव, तारीख आणि संमती सांगावी, म्हणजे फाइलचे नाव पुसले गेले तरी आवाज कोणाचा हे आवाजच सांगतो. आणि काम संपल्यावर हेडफोन निवेदकाच्या कानावर ठेवून त्याला त्याचे बोलणे ऐकवावे. बहुतेक जण आपलाच आवाज ओळखत नाहीत, थोडे लाजतात, आणि मग आधी सांगावयाचे राहिलेले काहीतरी सांगू लागतात. म्हणून ध्वनिमुद्रण तोपर्यंत बंद करू नये.