फसवावे, पण नियमाने

मंडळी, आज इंग्रजी क्रिप्टिक क्रॉसवर्डच्या, म्हणजे गूढ शब्दकोड्याच्या इतिहासात जरा डोकावू.

आधी मी जुळवलेला एक मराठी नमुना घ्या: ‘गरीब नदी उलटी वाहते (२ अक्षरे)’. आपण नदीची कीव करत बसतो. पण ‘गरीब’नंतर रेघ मारा. ‘नदी’ उलटी वाचली की ‘दीन’, म्हणजेच गरीब! एका टोकाला अर्थ, उरलेल्या शब्दांत अक्षरांची खटपट. वाक्याला भुलायचे नाही, रेघ कुठे मारायची ते शोधायचे, एवढेच सोडवणाऱ्याचे काम.

ही शिस्त पहिल्यापासून नव्हती. आर्थर विन यांचे १९१३चे न्यूयॉर्कमधले पहिले कोडे सरळ अर्थ विचारणारे होते. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून एडवर्ड पॉइस मॅदर्स यांनी गूढ कोड्याला आकार दिला. बिल्हणाची ‘चौरपंचाशिका’ इंग्रजीत नेणारे ते हेच. टोपणनाव घेतले ‘टॉर्केमाडा’, स्पेनच्या क्रूर धर्मन्यायाधीशाचे. कोडीही तशीच छळणारी! बुद्धी अचाट, पण उत्तर सापडूनही ‘हेच कशावरून?’ ही शंका पुष्कळदा उरे.

१९३९ साली ते वारले. त्यांच्या जागी आलेले डेरिक मॅकनट उर्फ ‘झिमेनीझ’ (हेही धर्मन्यायाधीशाचेच नाव) शाळेत लॅटिन-ग्रीक शिकवत. त्यांच्या आधी सूत्र मांडले होते ‘अफ्रीत’ या नावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी. तेही मुख्याध्यापकच! त्यांचे १९४९चे म्हणणे थोडक्यात असे: कोडेकाराने वरवर भलतेच बोलावे, पण मनातला अर्थ त्याच शब्दांत नेमका असला पाहिजे. मॅकनट यांनी १९६६च्या पुस्तकात त्याची नियमावली केली. नेमका अर्थ, अक्षरांकडे नेणारी न्याय्य वाट, आणि तिसरे काहीही नको.

सगळ्यांना हे पटले असे नाही. ‘गार्डियन’चे ‘अरॉकेरिया’ नियम सैल सोडूनही वाचकांचे लाडके झाले. पण आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढलेला मी मॅकनटांच्याच बाजूचा. प्रश्न अवघड असावा, पण उत्तर कळल्यावर मुलाने कपाळावर हात मारून ‘अरेच्चा, समोरच तर होते!’ म्हणावे. ‘गुरुजींनी फसवले’ असे त्याला वाटले, तर नापास आपण.

तुम्हीही एखादे रचून पाहा. मात्र एकही शब्द रिकामा बसलेला नको!