अनाथ कोणाला म्हणायचं? सायगावहून उडालेली मुलं आणि त्यांची दोन घरं

आज आपण एका शब्दापासून सुरुवात करू. तो शब्द म्हणजे ‘अनाथ’. ज्याला कोणी नाही तो अनाथ, एवढा साधा अर्थ आपल्या मनात असतो. पण १९७५ च्या एप्रिल महिन्यात व्हिएतनाममधून अडीच हजारांहून जास्त मुलं विमानांनी परदेशी नेण्यात आली, बहुतेक अमेरिकेत, तेव्हा या शब्दाचा अर्थ कागदावर वेगळा होता आणि गावात वेगळा होता. त्या फरकाची किंमत कोणी मोजली, हा आजचा विषय आहे.

आधी कागदावरचा अर्थ पाहू. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात अनाथ म्हणजे आई-बाप दोघेही वारलेलं मूलच, असं नव्हतं. एकटा उरलेला पालक सांभाळ करू शकत नसेल आणि मुलावरचा हक्क कायमचा सोडत असल्याचं त्याने लिहून दिलं, तर तेही मूल अनाथच ठरे. म्हणजे आई जिवंत आणि मूल अनाथ, ही गोष्ट एका सहीने होत होती.

आता गावातला अर्थ. युद्धाने दक्षिण व्हिएतनाममधली लाखो माणसं घरादारातून उठली होती. नवरा सैन्यात किंवा मारला गेलेला, बाई शहरात मिळेल ते काम करतेय, पदरात तीन-चार लेकरं. अशी आई एखाद्या मुलाला अनाथाश्रमात ठेवी. तिथे दोन वेळचं जेवण मिळतं, जरा बरे दिवस आले की घेऊन जाऊ, हा हिशोब असे. व्हिएतनामी भाषेत दत्तक मुलासाठी जो शब्द आहे, त्यात ‘नुओई’ हे क्रियापद येतं. त्याचा अर्थ पोसणं, वाढवणं. आपल्याकडेही ‘दत्तक’ आणि ‘पोसलेलं पोर’ यांत फरक आहेच की! दत्तक गेलं की गोत्र बदलतं. पोसलेलं पोर मात्र आपल्या आईचं राहतंच. कुणी तरी आपलं मूल पोसतंय, असं समजून सही करणाऱ्या आया तिथे होत्या.

आता त्या महिन्याकडे येऊ. २९ मार्चला दा नांग पडलं. २ एप्रिलला वर्ल्ड एअरवेज या कंपनीचे मालक एड डेली यांनी परवानगी नसताना ५७ मुलांना घेऊन सायगावहून विमान उडवलं. ३ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सरकारी मोहीम जाहीर केली, ‘ऑपरेशन बेबीलिफ्ट’. ४ एप्रिलला या मोहिमेचं पहिलं विमान उडालं, सी-५ जातीचं प्रचंड लष्करी मालवाहू विमान. थोड्याच वेळात त्याचं मागचं दार तुटलं, शेपटीकडची नियंत्रणं गेली, आणि परत फिरताना ते धावपट्टीच्या अलीकडे भातखाचरांत कोसळलं. ३०० हून जास्त माणसं आत होती. १३८ मेली, त्यांत ७८ मुलं होती. तरीही उड्डाणं थांबली नाहीत. पुठ्ठ्याच्या खोक्यांत निजवलेली तान्ही बाळं, हाता-पायांना बांधलेल्या नावाच्या पट्ट्या, ही छायाचित्रं जगभर छापली गेली. ५ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर फोर्ड स्वतः एका बाळाला हातांवर घेऊन विमानातून उतरले. ३० एप्रिलला सायगाव पडलं.

इथे आपण कोणाला खलनायक करून मोकळं होऊ नये. अनाथाश्रम चालवणाऱ्या अनेक बाया वर्षानुवर्षं तिथे राबल्या होत्या, त्यांतल्या काही त्या अपघातात गेल्या. अमेरिकन सैनिकांच्या मुलांचं नवे राज्यकर्ते काय करतील, ही भीती सायगावमध्ये खरीखुरी होती. पण राजकारणही होतं. दक्षिण व्हिएतनामचे मंत्री फान क्वांग दान यांनी त्याच दिवसांत पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रात, या मुलांचं जाणं पाहून अमेरिकेतलं जनमत आपल्या बाजूला वळेल, अशा आशयाचा मजकूर आहे. अमेरिकेकडून मदत हवी होती आणि लेकरं छायाचित्रात चांगली दिसतात.

मुलं सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ लष्करी तळावर उतरली. तिथे मदतीला आलेल्यांत व्हिएतनामी बोलणारी एक परिचारिका होती. मुलांशी त्यांच्या भाषेत बोलणारं माणूस भेटल्यावर काही मुलं सांगू लागली, की माझी आई आहे, मला घरी जायचंय. २९ एप्रिलला, सायगाव पडण्याच्या आदल्या दिवशी, सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात दावा दाखल झाला. मागणी साधी होती: कोण खरोखर दत्तक देण्याजोगं आहे ते शोधा, आणि ज्यांचे पालक आहेत त्यांना परत द्या. न्यायालयाने पुढे हा दावा सगळ्या मुलांच्या वतीने एकत्र चालवायला नकार दिला. मग आयांना एकेक करून, वेगवेगळ्या राज्यांत भांडावं लागलं.

आयोवा राज्यातला एक खटला पाहू. आईने भीतीपोटी मुलांना पुढे पाठवलं. काही दिवसांनी ती स्वतःही निर्वासित म्हणून अमेरिकेत पोहोचली आणि मुलाला शोधू लागली. तिचा मुलगा आयोवातल्या एका कुटुंबात रुळला होता. त्या घराने त्याला जीव लावला होता, याबद्दल शंका नाही. १९७६ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलगा आईला द्यायचा निकाल दिला. या निकालात कोणी जिंकलं असं म्हणताना जीभ अडखळते. चूक त्या दोन्ही घरांच्या आधी, घाईत भरलेल्या कागदात झाली होती.

बाकी हजारो मुलं तिथेच वाढली. बहुतेक घरं गोऱ्या कुटुंबांची, कित्येक लहान गावांत. ‘आम्हाला रंग दिसत नाही, आमचं मूल ते आमचं मूल’ ही त्या काळातली प्रामाणिक भावना होती. पण शाळेला रंग दिसत होता, रस्त्याला दिसत होता. वर्गात एकटंच आशियाई तोंड, आणि तेही ज्या देशाशी युद्ध हरलो त्या देशाचं! ज्यांचे वडील कृष्णवर्णीय सैनिक होते त्यांचा प्रश्न आणखी अवघड. कृष्णवर्णीय समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९७२ मध्येच इशारा दिला होता, की कृष्णवर्णीय मुलाला वंशभेदाशी कसं वागायचं हे घरात शिकायला मिळालं पाहिजे, आणि गोऱ्या घरात ते मिळणार नाही. त्यांची भूमिका टोकाची वाटेल, पण प्रश्न खोटा नव्हता. प्रेम पुरतं का? पुढच्या काळात काही पालकांनी नव्याने शिकायला घेतलं: मुलाचं मूळ नाव जपणं, व्हिएतनामी शेजार शोधणं, शाळेत काय ऐकावं लागलं ते विचारणं.

‘डॉटर फ्रॉम दानांग’ हा २००२ चा माहितीपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. सात वर्षांची असताना पाठवलेली मुलगी टेनेसीत अमेरिकन म्हणून वाढते आणि २२ वर्षांनी आईला भेटते. पहिले दिवस आनंदाचे. मग भाऊ म्हणतात, आता आईचा भार तूही उचल. ती कोसळते. तिच्या लेखी नातं तुटून गेलं होतं, ते नुकतं सापडलंय. त्यांच्या लेखी ते तुटलंच नव्हतं, म्हणून तर हक्काने मागणं. पोसणं आणि दत्तक, तेच दोन शब्द पुन्हा समोरासमोर.

कायदा हळूहळू शिकला. १९९३ चा हेग करार सांगतो, की आधी मुलाला स्वतःच्या कुटुंबात, मग स्वतःच्या देशात घर शोधा. संमती समजून-उमजून घ्या, पैसे देऊन नको. तरी गैरप्रकारांच्या तक्रारींमुळे २००८ मध्ये अमेरिका-व्हिएतनाम दत्तक करार संपला. व्हिएतनामने हेग करार २०१२ पासून लागू केला आणि २०१४ मध्ये अमेरिकेसाठी दार मर्यादित प्रमाणात पुन्हा उघडलं.

आणि हे सगळं लांबचं नाही. आपल्याकडे लक्ष्मीकांत पांडे खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी १९८४ मध्ये परदेशी दत्तकाचे नियम घालून दिले. आधी देशात घर शोधा, हे त्यातलंही मुख्य सूत्र. पुण्या-मुंबईच्या संस्थांतून युरोप-अमेरिकेत गेलेली मुलं आज मोठी होऊन इथे येतात आणि एकच कागद मागतात: मला कोणी ठेवलं, आणि काय सांगून ठेवलं?

त्या मुलांना उत्तर देता यावं, तर इतिहासाचं काम इथे अगदी साधं आहे. नोंद खरी ठेवायची. आई होती, तर होती असं लिहायचं. सांभाळणाऱ्या घराचं प्रेम त्याने कमी होत नाही. उलट मुलाला दोन्ही घरं मोकळेपणी आपली म्हणता येतात. आज इथेच थांबू. आता आपले प्रश्न घेऊ.