‘बस ३ मिनिटांत’: थांब्यावरच्या फलकाची कुळकथा

बर्मिंगहॅम शहराला वळसा घालून पुन्हा निघाल्या जागी येणारा ११ क्रमांकाचा बसमार्ग १९२६ साली पूर्ण झाला. सुमारे २५ मैलांचा फेरा. शहराच्या बसगाड्या तेव्हा महापालिकाच चालवी. गाड्या वेळ पाळतात की नाही यावर नजर ठेवण्यासाठी तिने मार्गांवर ‘बंडी’ घड्याळे उभी केली होती. गाडी तिथे पोचली की कर्मचाऱ्याने खाली उतरायचे, जवळची किल्ली घड्याळात फिरवायची, की आतल्या कागदाच्या पट्टीवर गाडीची नोंद आणि वेळ उमटे. ती पट्टी कचेरीत जाई. थांब्यावर ताटकळणाऱ्या माणसाच्या ती कधीच दृष्टीस पडत नसे.

आज थांब्यावरचा फलक पुढची बस किती मिनिटांत येईल ते सांगतो, त्याचा मूळपुरुष हे घड्याळ. बस कुठे आहे ही माहिती गोळा करण्याची धडपड फार जुनी. प्रवाशाला ती सांगावी, हा विचार त्यामानाने अलीकडचा. मधली सत्तरेक वर्षे ही माहिती कर्मचाऱ्यांवर देखरेख ठेवण्यासाठीच होती.

लंडनमध्ये हे काम मोक्याच्या जागी वही घेऊन उभे राहणारे निरीक्षक करत. मुंबईत बेस्टच्या चौकीवर स्टार्टर गाड्या सोडतो आणि नोंदी ठेवतो, त्याच जातीचे हे काम. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडन ट्रान्सपोर्टने निरीक्षकाच्या डोळ्यांच्या जागी प्रकाशझोत आणून पाहिला. बसच्या अंगावर सांकेतिक पट्ट्यांची चकचकीत पाटी लावायची, रस्त्याकडेच्या खांबावरून तिच्यावर प्रकाश टाकायचा आणि परतलेल्या प्रकाशावरून गाडी ओळखायची. ‘बेसी’ या नावाच्या या यंत्रणेची खबर दूरध्वनीच्या तारेवरून नियंत्रण कक्षात पोचे. तंत्र पुढे गेले, पण खबर जिथे जायची तिथेच जात राहिली.

लंडनमध्ये या माहितीचे तोंड प्रवाशाकडे वळले ते १९९२ साली. लंडनच्या हॅरो रोडवरून जाणाऱ्या १८ क्रमांकाच्या मार्गावर ‘काउंटडाउन’ नावाचे फलक लागले: काळ्या पाटीवर नारिंगी ठिपक्यांची अक्षरे, मार्ग क्रमांक, शेवटचे ठिकाण आणि मिनिटे. त्यामागची योजना समजून घेण्यासारखी आहे. रस्त्याच्या कडेला सूक्ष्मलहरी सोडणाऱ्या खुणेच्या पेट्या बसवलेल्या असत. बस पेटीजवळून गेली की आपण नेमके कुठे आहोत हे तिला कळे. तिथून पुढे चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजले जाई. मध्यवर्ती संगणक ठरावीक वेळाने रेडिओवरून प्रत्येक गाडीला तिचा पत्ता विचारी. मग आधीच्या गाड्यांना तो टप्पा पार करायला किती वेळ लागला होता हे पाहून पुढच्या थांब्यांचा अंदाज बांधी. फलकावर मोठ्या खात्रीने उमटणारा ‘३’ हा आकडा असा अंदाजाचा असतो. गाडी अगदी जवळ आली की आकडा जाऊन तिथे ‘येत आहे’ अशा अर्थाचा शब्द येई.

बस त्यामुळे लवकर येऊ लागली नाही. तरीही लोकांना फलक आवडला, आणि त्याचे कारण पुढे सिअ‍ॅटलमध्ये मोजले गेले. तिथे २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ब्रायन फेरिस या विद्यार्थ्याने ‘वन बस अवे’ ही सेवा सुरू केली. २०११ साली फेरिस, केरी वॉटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात थांब्यावरच्या लोकांना विचारले होते, तुम्ही किती वेळ थांबलात? थेट माहिती पाहून आलेल्यांनी सरासरी ७.५ मिनिटे सांगितली, छापील वेळापत्रकावर विसंबलेल्यांनी ९.९. दुसऱ्या गटाला आपली प्रतीक्षा प्रत्यक्षापेक्षा लांब वाटत होती, पहिल्याला ती होती तेवढीच वाटत होती. शिवाय माहिती पाहून निघणारा माणूस खरोखरच सुमारे दोन मिनिटे कमी थांबत होता, कारण तो घरातूनच उशिरा निघत होता. पाऊस, अंधार आणि हातातले पोर यांच्यासह थांबणाऱ्याला ही दोन मिनिटे लहान नसतात.

लंडनमधल्या त्या खुणेच्या पेट्या बसवणे आणि राखणे खर्चिक होते. उपग्रहावरून स्थान कळू शकत होते, पण अमेरिकी लष्कर नागरी वापराच्या जीपीएस संकेतात मुद्दाम घोळ घालत असे; चूक १०० मीटरपर्यंत जाई. म्हणजे थांब्याच्या अलीकडची बस पलीकडे दिसायची. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने मे २००० च्या सुरुवातीला हा घोळ बंद झाला आणि बसचा माग काढणे एकदम सोपे झाले. लंडनने २००९ पर्यंत सुमारे ८,००० गाड्यांवर ‘आयबस’ यंत्रणा चढवली. उंच इमारतींमध्ये उपग्रह हरवतो, म्हणून तिथे चाकांची मोजणी आणि वळण ओळखणारे यंत्र मदतीला ठेवले. २०११ मध्ये शहरातल्या सुमारे १९,००० थांब्यांपैकी प्रत्येकाला पाच अंकी क्रमांक मिळाला. तो मोबाईलवरून संदेशात पाठवला की त्या थांब्याची माहिती येई. फलक जेमतेम अडीच हजार थांब्यांवर होते.

पण लंडनची गोष्ट वेगळी. तिथे मार्ग, थांबे आणि वेळापत्रक एकाच संस्थेच्या हाती राहिले. उर्वरित ब्रिटनमध्ये १९८५ च्या कायद्याने बससेवा खुली केली आणि ऑक्टोबर १९८६ पासून बहुतेक गाड्या कंपन्यांच्या झाल्या. पदपथ, थांबा आणि त्यावरचा निवारा मात्र स्थानिक परिषदांकडेच, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांकडेच, राहिला. आता फलक परिषदेचा आणि त्यावर दाखवायची माहिती कंपनीच्या गाडीत, अशी फाळणी झाली. एका थांब्यावर दोन-तीन कंपन्यांच्या गाड्या येत. प्रत्येकीची यंत्रणा निराळी, आणि प्रवाशाला तर आपल्या वाटेने जाणारी पहिली गाडी हवी असते, मग ती कुणाचीही असो.

इथे परिषदांनी केलेले काम फारसे कुणाला ठाऊक नाही, आणि या सगळ्या कथेत तेच सर्वांत मोलाचे आहे. हॅम्पशर परगण्याने साउदॅम्प्टनमध्ये १९९० च्या दशकात युरोपीय निधीतून ‘रोमान्स’ हा वाहतूक प्रकल्प राबवला, त्यात ‘स्टॉपवॉच’ नावाचे बसफलक होते. २००० च्या वाहतूक कायद्याने परिषदांवर जबाबदारीच टाकली: प्रवाशांना कोणती माहिती मिळायला हवी ते ठरवा, कंपन्या देत नसतील तर स्वतः द्या आणि खर्च त्यांच्याकडून वसूल करा. देशभरातल्या थांब्यांना क्रमांक देणारी ‘नॅपटॅन’ ही यादी उभी राहिली. ठिकाण, नाव, रस्त्याची कोणती बाजू अशा नोंदी ठेवण्याचे काम स्थानिक परिषदांचेच. गाड्यांची थेट माहिती एका यंत्रणेतून दुसरीत जावी म्हणून ‘सिरी’ हे युरोपीय मानक ठरले. अखेर जानेवारी २०२१ पासून इंग्लंडमधल्या बस कंपन्यांना आपल्या गाड्यांचे ठिकाण सर्वांसाठी खुले करणे कायद्याने बंधनकारक झाले. बंडी घड्याळाच्या पट्टीवरची नोंद कचेरीतून बाहेर यायला इतकी वर्षे लागली.

एवढे होऊनही फलक चुकतो. पाच मिनिटे, दोन मिनिटे, आणि मग बस न येताच ओळ गायब. इंग्लंडमधले प्रवासी तिला भुताची बस म्हणतात. दोष बहुधा उपग्रहाचा नसतो. कित्येक गाड्यांत तिकीट यंत्रच ठिकाण कळवते. चालकाने पाळी सुरू करताना त्यात फेरीचा क्रमांक चुकीचा घातला, तर यंत्रणेला गाडी दिसते पण ती कोणत्या फेरीची ते कळत नाही. फेरी रद्द झाली आणि आगारातल्या कुणी ती यंत्रणेत रद्द केली नाही, तर छापील वेळापत्रकातली वेळ तशीच फलकावर चढते. म्हणून अनेक ठिकाणी माग लागलेली बस मिनिटांत दाखवतात आणि केवळ वेळापत्रकातली बस घड्याळी वेळेत. हा फरक थांब्यावर ठळक लिहून ठेवला पाहिजे. तो माहीत असलेला प्रवासी सहसा फसत नाही.

ज्याला फलक वाचताच येत नाही, त्याचीही सोय काही परिषदांनी पाहिली. अंध प्रवाशाच्या खिशातल्या छोट्या उपकरणाची चाहूल लागताच खांब पुढच्या गाड्या मोठ्याने सांगतो. अशी सोय कंपनीच्या नफ्याच्या हिशेबात सहजी बसत नाही. तिला सार्वजनिक संस्थाच लागते.

भारतात बसचा थेट माग काढून प्रवाशाला सांगणारी यंत्रणा शहर बससेवेसाठी मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा आली ती म्हैसूरला, २०१२ मध्ये, तीही राज्य परिवहन महामंडळामार्फत. नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना १ जानेवारी २०१९ पासून माग काढणारे उपकरण आणि धोक्याचे बटण सक्तीचे झाले. हेतू प्रवाशांच्या, विशेषतः स्त्रियांच्या सुरक्षिततेचा. पण गाडीचे ठिकाण कळण्याची सोय त्यातून आपोआप झाली. मुंबईत बेस्ट हा महापालिकेचाच उपक्रम. २०२१ च्या अखेरीपासून तिच्या गाड्या ‘चलो’ अ‍ॅपवर थेट दिसू लागल्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या पीएमपीएमएलने २०२४ मध्ये ‘आपली पीएमपीएमएल’ हे अ‍ॅप आणले.

ब्रिटनमध्ये फलक आधी आला आणि मोबाईल नंतर. आपल्याकडे बहुतांश प्रवाशांच्या बाबतीत मोबाईलच आधी आला, त्यामुळे महापालिकांना फलक अनावश्यक वाटण्याचा धोका आहे. पण पहाटेच्या पाळीला निघालेली सफाई कामगार, रुग्णालयातून परतणारे आजोबा, नेटपॅक संपलेला विद्यार्थी यांना थांब्यावरच कळायला हवे. गाड्यांत उपकरणे बसली आहेत, माहिती नियंत्रण कक्षात रोज येते आहे. निदान मोठ्या थांब्यांवर, रुग्णालयांपाशी आणि स्थानकांबाहेर ती मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि आवाजातही मिळावी, बंद पडलेला फलक किती दिवसांत दुरुस्त होणार ते जाहीर व्हावे. महापालिकांच्या पुढच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद व्हावी, आणि नागरिकांनी आपल्या नगरसेवकाकडे तशी मागणी करावी.